हलके गेटर: खडे, कुसळं आणि घसारा बुटाबाहेर ठेवणारं कापड

घसाऱ्यावरून उतरताना बुटात खडा नेमका कुठून शिरतो, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. टाच टेकली की खालची सुटी माती सरकते आणि बूट दोन-तीन सेंटिमीटर रुततो. त्याच वेळी घोटा वाकतो आणि बुटाचा काठ पायापासून सुटतो. बाहेरच्या घोट्याखाली आणि टाचेच्या मागे बोटभर फट पडते. पाऊल पुढे गेलं की फट मिटते, पुढच्या पावलाला पुन्हा उघडते. बाजूने घरंगळणारे खडे या उघडझापीत आत पडतात. शिवाय चवडा उचलताना उडालेली रेती दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूवर आपटते आणि मोज्यावरून घसरत थेट बुटात जाते.

आत गेलेला खडा नुसता टोचून थांबत नाही. चालताना फोड येतो तो कातडीच्या आतले थर एकमेकांवर ताणले जाऊन. पाऊल पडलं की आतलं हाड पुढे सरकतं, कातडी मात्र मोज्याला धरून मागे राहते. हे हजारो वेळा झालं की मधले थर सुटतात आणि तिथे पाणी साठतं. मोजा आणि कातडी यांच्यात एखादा कण अडकला तर त्या एका ठिकाणी दाब वाढतो, पकड वाढते आणि ताणही तिथेच एकवटतो. घामाने किंवा दवाने भिजलेली कातडी मोज्याला जास्त चिकटते, म्हणून ओला मोजा आणि रेती ही जोडी सगळ्यात वाईट. खडा लागला की लगेच थांबून बूट काढणारे थोडे. बहुतेक जण पुढच्या विश्रांतीपर्यंत रेटतात, आणि फोड येतो तो त्या अर्ध्या तासात.

गेटर म्हणजे या फटीवरचं झाकण. पोटरीवरून किंवा घोट्यावरून खाली येणारी कापडाची नळी बुटाच्या वरच्या भागावर ताणून बसवायची, पुढे लेसला अडकवायची, मागे टाचेला किंवा तळव्याखाली बांधायची, एवढीच रचना. गेटर निवडताना, घालताना किंवा घरी शिवताना सतत स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझ्या बुटात काय शिरतंय आणि कोणत्या वाटेने? गेटर घेऊनही वैतागलेले लोक बहुतेक वेळा हा प्रश्न न विचारता सगळ्यात उंच, सगळ्यात जाड आणि जलरोधक जोडी घेऊन मोकळे झालेले असतात.

उंची आणि वजन

घोट्यापर्यंतचे गेटर १२ ते २० सेंटिमीटर उंच असतात. लायक्रासारख्या ताणणाऱ्या कापडाची जोडी साधारण ३० ते ७० ग्रॅम भरते. पोटरीच्या मध्यापर्यंत येणारे २५ ते ३० सेंटिमीटरचे असतात आणि त्यांची जोडी १०० ते १८० ग्रॅमच्या आसपास असते. गुडघ्याखालपर्यंतचे ४० ते ४५ सेंटिमीटरचे. बर्फासाठी बनवलेली, जाड नायलॉन आणि जलरोधक पडदा असलेली अशी जोडी २५० ते ४०० ग्रॅमपर्यंत जाते.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण पायात घातलेलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं, पुढे फेकावं आणि थांबवावं लागतं. पायावरचं वजन वाहायला पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या ४ ते ६ पट ऊर्जा लागते, असं मोजमापांतून दिसलेलं आहे. म्हणजे २५० ग्रॅम जादा गेटर पाठीवरच्या एक-दीड किलोइतका थकवा देतात. शिवाय जाड गेटरच्या आत घाम कोंडतो. कोरड्या खडकाळ वाटेवर गुडघ्यापर्यंतचे जलरोधक गेटर घालणं हा सरळ तोटा आहे.

पायाला कापड गुंडाळण्याची कल्पना जुनीच. लोकरीच्या लांब पट्ट्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वेढे देऊन बांधायची पद्धत ब्रिटिश सैन्याने भारतातून उचलली, आणि इंग्रजीतलं तिचं नावसुद्धा 'पट्टी' या शब्दावरूनच आलं. पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांच्या पायांवर या पट्ट्या होत्या. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या छायाचित्रांतही गिर्यारोहकांच्या नडग्यांवर त्या दिसतात. काम तेच होतं, पण एक वेढा सैल झाला की सगळी पट्टी उलगडायची, आणि घट्ट बांधली तर पाय बधिर व्हायचा. आजचा ताणणारा कापडाचा गेटर हे दोन्ही त्रास टाळतो.

काय शिरतंय, त्यावर कापड ठरतं

खडे, मुरूम, काटक्या, पालापाचोळा: यांना वरची फट बंद झाली की पुरे. घोट्यापर्यंतचा ताणणारा गेटर इथे उत्तम काम करतो. चार बाजूंनी ताणणारं नायलॉन, त्यात १० ते २० टक्के इलॅस्टेन (लायक्रा, स्पँडेक्स ही त्याचीच नावं), असं कापड असलं की ते बुटाच्या आकाराला चिकटून बसतं, घाम बाहेर जातो आणि भिजलं तरी उन्हात चालता चालता वाळतं.

बारीक वाळू वेगळ्या वाटेने येते. धावायच्या बुटांच्या वरच्या भागाला जाळी असते आणि पिठासारखी वाळू त्या जाळीतूनच आत झिरपते. वरून कितीही चांगला गेटर लावा, चवड्याकडची जाळी उघडीच राहते. म्हणून सहारातल्या मॅरेथॉन दे साब्ल या १९८६ पासून चालत आलेल्या, सुमारे २५० किलोमीटरच्या शर्यतीत धावपटू वेगळी युक्ती करतात. बुटाच्या तळाच्या कडेने पूर्ण गोल वेल्क्रो शिवून घेतात आणि पॅराशूटसारख्या दाट विणीच्या पातळ कापडाने अख्खा बूट झाकतात. वाळूच्या टेकड्यांवर जायचं असेल तर एक तर असा पूर्ण बूट झाकणारा गेटर हवा, नाहीतर जाळी नसलेला बूट हवा.

कुसळांचं प्रकरण सगळ्यात चिवट. कुसळी गवताचं बी भिंगातून बघितलं तर पुढे टोकदार भाल्यासारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे पीळ घातलेली लांब शेपटी दिसते. हवेतला ओलावा बदलला की ती शेपटी पीळ घेते किंवा सोडते आणि बी गोल फिरतं. निसर्गात ते अशा पद्धतीने जमिनीत स्वतःला रुजवतं. मोज्यात अडकलं की तसंच फिरत फिरत आत जातं, आणि मागे वळलेले केस त्याला परत येऊ देत नाहीत. घामाचा ओलावा त्याला आयताच मिळतो. अशा बियांना विणलेलं, म्हणजे मोज्यासारखं जाळीदार कापड फारसं अडवत नाही. टोक फासांमधून सरळ पार होतं. इथे लायक्रापेक्षा ताणा-बाण्याचं, दाट, गुळगुळीत नायलॉन चांगलं. बी त्यावर टेकतं आणि घसरून पडतं. गोखरूसारखे काटे किंवा कपड्याला चिकटणाऱ्या बिया असलेल्या भागातही हाच नियम: कापडाला लव नको. लोकरीसारख्या किंवा मऊ लवदार पृष्ठभागावर बिया अडकतात आणि संध्याकाळी एकेक उपटत बसावं लागतं.

नडगी वाचवायची असेल, म्हणजे शॉर्ट्स घालून झुडपांतून किंवा उंच गवतातून जायचं असेल, तर घोट्यापर्यंतचा गेटर उपयोगाचा नाही. गवताच्या पात्याच्या कडेला सिलिकाचे सूक्ष्म दाते असतात, ते कातडी अक्षरशः करवतीसारखी कापतात. इथे २५ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच, घट्ट विणीचा पण पातळ गेटर हवा. कापडाच्या जाडीसाठी 'डेनियर' हे माप छापलेलं असतं. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. २० ते ४० डेनियरचं कापड काट्याला फाटतं, ७० ते २०० डेनियरचं नायलॉन साधारण झुडपांना पुरतं, ५०० ते १००० डेनियरचं कापड टणक असतं पण हलकं म्हणता येत नाही. काही गेटरांत तळाच्या आणि आतल्या बाजूच्या पट्ट्याला जाड कापड आणि वर पातळ कापड वापरलेलं असतं. आमच्या मते पायवाटेसाठी हीच रचना सगळ्यात शहाणी, कारण झीज खालीच होते.

पाण्याबद्दल गैरसमज

गेटर घातला की पाय कोरडे राहतील, ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते. दव पडलेल्या गवतातून सकाळी तासभर चालताना पातळ नायलॉनचा गेटर बऱ्यापैकी मदत करतो, कारण पाणी बाहेरून थोडं थोडं लागत असतं. पावसात पाणी वरून येतं. उघड्या नडगीवरून किंवा पँटवरून ओघळून ते गेटरच्या वरच्या काठातून आत शिरतं, आणि मोजा ते वातीसारखं ओढून बुटात नेतो. गेटर जलरोधक असला तरी हे थांबत नाही. म्हणून पावसात रेनपँटचा पाय गेटरच्या बाहेरून खाली सोडायचा, म्हणजे पाणी कौलावरून उतरावं तसं बाहेरच्या बाहेर जातं. बर्फात क्रम उलटा: पँट आत आणि गेटर बाहेर, नाहीतर पँटच्या पायात बर्फ भरतो.

ओढा ओलांडताना कोणताही गेटर पाणी अडवत नाही. खालचा काठ बुटाला कितीही घट्ट बसला तरी तो जलरोधक सांधा नव्हे. ताणणाऱ्या कापडातून पाणी लगेच बाहेर पडतं, हा त्याचा फायदा.

जलरोधक कापडाचा आणखी एक उपद्रव सांगायला हवा. पोटरीला खूप घाम येतो. तो बाहेर जाऊ शकला नाही की गेटरच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात, आणि गेटर गळतोय असं वाटायला लागतं. उबदार हवेत तासाभराच्या चढाईनंतर गेटर उलटा करून बघा: बाहेर कोरडा आणि आत ओला असेल तर तो घाम आहे.

जळवा, गोचीड आणि साप

जळू ताणून दोऱ्याएवढी बारीक होते आणि सैल विणीच्या मोज्यातूनही आत जाते. घोट्यापर्यंतचा गेटर तिला रोखत नाही. ती खालच्या काठातून शिरते किंवा वर चढून काठ ओलांडते. जळवांच्या जंगलात दाट विणीच्या कापडाचे, गुडघ्याखाली नाडीने आवळायचे जळू-मोजे घालतात. ते साध्या मोज्यावर आणि बुटाच्या आत असतात, त्यामुळे तळाला फटच उरत नाही. गेटर फिक्या रंगाचा असेल तर चढणारी जळू दिसते आणि झटकता येते, एवढा फायदा मात्र खरा. चावलेली जळू ओढू नका, जाळू नका. नखाची कड कातडीला लावून तिचं बारीक, तोंडाकडचं टोक बाजूला सरकवा, मग मागचं. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं, म्हणून जखम बराच वेळ वाहते. स्वच्छ कापडाने दाबून धरायचं.

गोचिडीसाठी गेटर जास्त कामाचा. ती गवताच्या टोकावरून कपड्यावर येते आणि कातडी शोधत वर चढते. पँट मोज्यात खोचून त्यावर गेटर घातला की तिला कातडीपर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो. ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यावर फवारून पूर्ण वाळवलं तर गोचीड त्यावर टिकत नाही. हे औषध कापडासाठीच आहे, कातडीवर लावायचं नाही. ओलं असताना मांजरांना ते घातक असतं आणि पाण्यातल्या जिवांनाही, म्हणून ओढ्याकाठी फवारू नये.

सापाचं स्पष्ट सांगितलं पाहिजे: हलका गेटर सर्पदंशापासून वाचवत नाही. लायक्रा किंवा पातळ नायलॉन विषारी दातासमोर काहीच नाही. सापांपासून संरक्षण देणारे गेटर वेगळे असतात, अनेक थरांचे, ताठ, गुडघ्यापर्यंतचे आणि जड. हलका गेटर घातलाय म्हणून न बघता गवतात पाय टाकणं धोक्याचं आहे.

चार जागा जिथे गेटर बिघडतो

पुढचा हुक. तो चवड्याकडच्या सगळ्यात खालच्या, म्हणजे बोटांजवळच्या आडव्या लेसमध्ये अडकवायचा. वरच्या लेसमध्ये अडकवला तर पुढचा भाग सुटा राहतो आणि खडे बुटाच्या जिभेच्या बाजूने आत जातात. हुकचं उघडं तोंड घोट्याकडे असावं, म्हणजे कापड वर ओढलं गेलं की हुक लेसमध्ये आणखी घट्ट बसतो. हुक सारखा निसटत असेल तर खालची लेस सैल आहे, किंवा हुकचं तोंड उघडलंय. पक्कडीने जरासं दाबून घ्या. झुडपातून जाताना फांदी नेमकी या हुकला ओढते, म्हणून हुक लेसच्या खालून वर न अडकवता वरून खाली घालून सपाट बसवावा.

टाच. इथे दोन पद्धती आहेत. पहिल्यात बुटाच्या टाचेवर वेल्क्रोचा तुकडा चिकटवलेला असतो आणि गेटर त्यावर बसतो. तळव्याखाली काहीच नसल्याने खडकावर झिजायला काही उरत नाही. पण चिखलाने वेल्क्रो भरलं की पकड जाते. जुन्या टूथब्रशने खरखरीत बाजू घासून साफ करायची, बस्स. काही बुटांच्या टाचेवर हा वेल्क्रो आणि पुढे हुकसाठी कडी कारखान्यातच लावलेली असते.

दुसऱ्या पद्धतीत तळव्याखालून पट्टा जातो. टाचेचा उंचवटा आणि चवडा यांच्यामधल्या खोलगट भागात तो बसला पाहिजे, म्हणजे जमिनीला कमी घासतो. तळ सपाट असलेल्या बुटांवर हा पट्टा थेट दगडावर पडतो आणि खडकाळ वाटेवर भराभर झिजतो. असा बूट असेल तर वेल्क्रोची पद्धतच निवडा. पट्ट्याचं बक्कल आणि सुटं टोक पायाच्या बाहेरच्या बाजूला, टोक मागे वळलेलं. आतल्या बाजूला राहिलं तर दुसऱ्या बुटात अडकून माणूस तोंडघशी पडतो. डावा कुठला आणि उजवा कुठला हे त्यावरूनच ओळखायचं: बक्कल बाहेर येईल तो पाय बरोबर.

वरचा काठ. इलॅस्टिकखाली एक बोट सहज जावं. दोन बोटं ढिली जात असतील तर गेटर घसरेल. बोटच जात नसेल तर दोन तासांनी पोटरी दुखेल, कातडीवर खोल वळ उठेल. काठ उघड्या कातडीवर टेकू देऊ नका. मोजा गेटरपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच ठेवला की घासणं थांबतं. घोट्यापर्यंतच्या गेटरसोबत आखूड मोजे घातले की नेमका हाच त्रास होतो.

उघडायची जागा. उंच गेटरांना पुढे, बाजूला किंवा मागे वेल्क्रो अथवा चेन असते. पुढची वेल्क्रो सगळ्यात सोयीची, कारण बूट घातलेला असतानाही गेटर चढवता येतो. मागची चेन चिखलात अडकते, आणि थंडीत बधिर बोटांनी ती लावणं जिकिरीचं.

ताणणाऱ्या, बंद नळीच्या गेटरला मात्र उघडायची जागाच नसते. तो बुटाच्या आधी चढवावा लागतो. आधी मोजा, मग गेटर पोटरीवर पूर्ण वर ओढून ठेवायचा, मग बूट घालून लेस बांधायची आणि गाठीचे फास आडव्या लेसखाली खोचायचे. त्यानंतर गेटर खाली ओढून आधी हुक, शेवटी टाच. उलट केलं, म्हणजे आधी टाच लावली, तर हुकपर्यंत कापड ओढताना टाचेचं वेल्क्रो सुटतं. घालून झालं की एकदा पूर्ण उकिडवं बसा, मग एका पायरीवर जोरात चढा. टाच उघडली असेल तर आत्ताच कळेल.

घरी शिवायचा तर

घोट्यापर्यंतचा गेटर शिवणं अवघड नाही. शिलाई मशीनवर नागमोडी टाका येत असेल तर दुपारभराचं काम. सामान: चार बाजूंनी ताणणारं नायलॉन-स्पँडेक्स कापड ५० गुणिले ५० सेंटिमीटर (जोडीला पुरतं), १ सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक अर्धा मीटर, २.५ सेंटिमीटर रुंद वेल्क्रो १० सेंटिमीटर, दोन छोटे हुक, पॉलिएस्टर दोरा आणि ताणणाऱ्या कापडासाठीची गोलसर टोकाची सुई. साधी सुई धागे तोडते आणि भोकं पुढे उसवत जातात. सुती दोरा घामाने आणि ताणाने तुटतो.

मापं बूट घालूनच घ्या. जमिनीपासून १७ सेंटिमीटर उंचीवर पायाचा घेर. समजा तो २४ सेंटिमीटर आला. मग खालच्या लेसपासून बुटाच्या बाजूने, टाचेला वळसा घालून, दुसऱ्या बाजूने परत त्याच लेसपर्यंतचा घेर, समजा ४२. टेप वरच्या भागावरून न्यायचा, तळाच्या रबरावरून नाही, फक्त टाचेमागे तो रबराच्या वरच्या कडेला टेकवा. दोन्ही घेरांना ०.९ ने गुणा: २१.६ आणि ३७.८. ही दहा टक्क्यांची तूट म्हणजेच ताण. आता अर्धे करून शिवणीसाठी प्रत्येकी १ सेंटिमीटर मिळवा: वर ११.८, खाली १९.९.

कागदावर डावीकडे एक उभी रेघ काढा. ही टाचेमागची घडी. तिची लांबी टाचेच्या वेल्क्रोपासून वरच्या काठापर्यंत १५ सेंटिमीटर, अधिक वरच्या दुमडीला १.५ आणि खालच्या दुमडीला १, एकूण १७.५. वरच्या टोकातून उजवीकडे ११.८ ची आडवी रेघ. खालच्या टोकातून १९.९ ची रेघ, पण तिचं उजवं टोक ३ सेंटिमीटर वर उचललेलं, कारण खालची लेस टाचेच्या कडेपेक्षा उंच असते. दोन्ही उजवी टोकं जोडा. हा तिरका काठ म्हणजे नडगीवरून चवड्याकडे उतरणारी पुढची शिवण. आकृती बुटाच्या बाजूने पडलेल्या सावलीसारखी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर मापात चूक आहे.

कापड घडी घालून, ज्या दिशेला जास्त ताणतं ती दिशा आडवी ठेवून कापा. सुलट बाजू आत ठेवून पुढची शिवण घाला: नागमोडी टाका ३ मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर लांब. सरळ टाका अजिबात नको. कापड ताणलं की दोरा तुटतो आणि पहिल्याच दिवशी शिवण उसवते. वरच्या दुमडीत २० ते २१ सेंटिमीटरचं इलॅस्टिक घाला. खालची कड १ सेंटिमीटर दुमडून शिवा. पुढच्या कोपऱ्यात, शिवणीच्या अगदी टोकाला, जाड फितीचा छोटा फास शिवून त्यात हुक अडकवा. हुक थेट पातळ कापडात लावला तर कापड फाटतं. टाचेकडे आतल्या बाजूला वेल्क्रोची मऊ बाजू ४ सेंटिमीटर लांब, चारही कडांनी शिवा. मऊ बाजू गेटरला आणि खरखरीत बुटाला ठेवण्याचं कारण साधं: खरखरीत बाजू गेटरवर असली तर ती धुताना मोज्यांना आणि इतर कपड्यांना ओरबाडते.

चांगलं कापड कापण्याआधी जुन्या लेगिंगच्या पायाचा एक नमुना शिवून बघा. टाच वर ओढली जात असेल तर खालच्या घेराला ०.९ ऐवजी ०.९५ धरा. बाजूने कापडाच्या लाटा पडत असतील तर ०.८५. लाटा म्हणजे खड्यांसाठी उघडं दार.

बुटावर वेल्क्रो चिकटवणं हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित भाग. नुसतं मागच्या गोंदावर विसंबून लावलेला तुकडा पहिल्या ओढ्यात गळून पडतो. टाचेमागची जागा अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. बारीक पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, पुन्हा पुसा. वेल्क्रोच्या तुकड्याचे चारही कोपरे गोल कापा. टोकदार कोपऱ्यापासूनच तो उचकटतो. लवचिक शू ग्लू किंवा कॉन्टॅक्ट अ‍ॅधेसिव्ह वापरा. झटपट चिकटणारा, वाळून काचेसारखा कडक होणारा गोंद टाच वाकली की तडकतो. कॉन्टॅक्ट अ‍ॅधेसिव्ह असेल तर दोन्ही पृष्ठभागांना पातळ थर द्या, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा (ट्यूबवर वेळ दिलेली असते), मग एकदाच नेमका टेकवून जोरात दाबा. २४ तास बूट वापरू नका. बुटाचा तो भाग कापडी असेल तर चार कोपऱ्यांना हाताने दोन-दोन टाके घाला, मात्र आत टाचेला टोचणारी गाठ राहू देऊ नका.

धुणं आणि दुरुस्ती

चिखल ओला असताना चोळला की विणीत घुसतो. वाळू द्या, ब्रशने झटका, मग थंड किंवा कोमट पाण्यात हाताने धुवा. वेल्क्रो आधी लावून घ्या. कपडे मऊ करणारं द्रव वापरू नका. पाणी घरंगळून जाण्यासाठी कापडावर दिलेला थर त्याने निकामी होतो. सावलीत वाळवा. कडक ऊन आणि उष्णता इलॅस्टिकची वैरी, गाडीच्या काचेमागे दिवसेंदिवस पडलेले गेटर लवकर ढिले होतात. जलरोधक गेटर ओले गुंडाळून ठेवले तर आतला पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग सालं निघतात. तो परत दुरुस्त होत नाही.

तळव्याखालचा पट्टा वाटेतच तुटला तर ३ मिलिमीटर जाडीची सुमारे ५० सेंटिमीटर दोरी पुरते. गेटरच्या एका बाजूच्या कडीत पक्की गाठ, दोरी बुटाच्या खोलगट भागातून पलीकडे, आणि दुसऱ्या कडीत सुटणारी गाठ बाहेरच्या बाजूला. गाठ तळव्याखाली येऊ देऊ नका, तीच आधी झिजते. नायलॉनच्या दोरीची टोकं काडेपेटीने वितळवून घ्या, नाहीतर ती उसवत जातात. हुक हरवला तर मोठी पेपरक्लिप दुमडून दिवसभर काम भागतं. टाचेचं वेल्क्रो निघालं तर गेटरच्या मागच्या कडेला दोन बारीक भोकं पाडून त्यातून दोरी ओवा आणि ती तळव्याखालून न्या. कापड फाटू नये म्हणून भोकांभोवती आधी चिकटपट्टी लावून घ्या, आतून आणि बाहेरून.